सार्वजनिक काकांच्या दुकानापासून

१८७७ च्या जानेवारीत दिल्लीला दरबार भरला. राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर व्हायचे होते आणि देशभरचे राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांनी मढून आले होते. त्या झगमगाटात पुण्याचे एक वकील हाताने कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या पांढऱ्या कपड्यांत हजर होते. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेच्या कामात त्यांनी स्वतःला इतके वाहून घेतले होते की सारे पुणे त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले.

काकांची खादी आणि पुढे १८७९ मध्ये त्यांनी घेतलेले वासुदेव बळवंत फडक्यांचे वकीलपत्र या गोष्टी बऱ्याच जणांना ठाऊक असतात. त्यांची दुकाने मात्र विस्मरणात गेली. १८७२-७३ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात देशी व्यापारावर व्याख्याने दिली. परका माल येतो, आपला कारागीर बसतो आणि पैसा बाहेर जातो, हे हिशेबासकट समजावून सांगणारी ती व्याख्याने होती. काकांनी तो विचार बाजारात उतरवला. देशी व्यापारोत्तेजक मंडळ काढून त्यांनी शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू इथेच तयार व्हाव्यात म्हणून खटपट केली. त्या विकण्यासाठी पुणे, सातारा, नागपूर, मुंबई, सुरत अशा ठिकाणी सहकारी तत्त्वावर दुकाने निघावीत म्हणून त्यांनी लोकांना उभे केले आणि या उद्योगात पदरचा पैसाही घातला.

शाई, साबण, मेणबत्ती, छत्री. एकमेकांशी काही नाते नसलेल्या, घरोघरी लागणाऱ्या, कमी किमतीच्या या वस्तू एका छपराखाली आणि तीही अनेक गावांत. पुढे जगभर पसरलेल्या ‘व्हरायटी स्टोअर’ साखळीचा साचा याहून वेगळा नाही. फरक हेतूचा होता. काकांना नफ्याशी देणेघेणे नव्हते, त्यांना देशी कारागिराचा माल खपायला हवा होता. महाराष्ट्रातल्या साखळी दुकानांचा इतिहास पाहताना हे पुन्हापुन्हा दिसते. इथे साखळीचा पहिला खिळा बहुधा चळवळीतल्या माणसाने ठोकला आणि व्यापारी मागाहून आला.

काका १८८० मध्ये गेले. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेत एका शेतकऱ्याच्या मुलाने या धंद्याचे व्यापारी रूप घडवले. फ्रँक वुलवर्थ न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटरटाऊन गावी एका दुकानात नोकर होता. तिथे पडून राहिलेला किरकोळ माल एका टेबलावर मांडून ‘कोणतीही वस्तू पाच सेंट’ अशी पाटी लावण्यात आली आणि टेबल बघता बघता रिकामे झाले. त्या अनुभवावर त्याने फेब्रुवारी १८७९ मध्ये युटिका गावात स्वतःचे दुकान थाटले. ते चालले नाही. जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला दुसरे थाटले, ते असे चालले की १९१२ मध्ये भाऊबंदांच्या आणि स्पर्धकांच्या साखळ्या एकत्र करून जी कंपनी झाली तिच्याकडे जवळपास ६०० दुकाने होती. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये वुलवर्थ बिल्डिंग उभी राहिली. त्या वेळची ती जगातली सर्वांत उंच इमारत. पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकून आलेल्या पैशातून ती बांधली आणि बांधकामाची रक्कम रोख चुकती केली.

वुलवर्थचे दोन निर्णय महत्त्वाचे ठरले. तोवर माल काउंटरच्या मागे, दुकानदाराच्या पाठीशी असे. गिऱ्हाईक मागेल ते नोकर काढून देई आणि भाव गिऱ्हाईक पाहून सांगे. वुलवर्थने माल उघड्यावर मांडला आणि भाव आधीच लिहून टाकला. आता गरीब बाईलाही वस्तू हातात घेऊन, उलटसुलट करून पाहता येऊ लागली. किती पैसे लागतील हे विचारण्याचा संकोच उरला नाही.

इंग्लंडमध्ये हीच वाट मायकेल मार्क्स या निर्वासित ज्यू फेरीवाल्याला सापडली. आजच्या बेलारूसमधल्या स्लोनिमहून आलेल्या मार्क्सला इंग्रजी धड येत नव्हते. १८८४ मध्ये लीड्सच्या बाजारात त्याने ठेला मांडला आणि त्यावर लिहिले की किंमत विचारू नका, सगळे एका पेनीला आहे. ज्याला भाषा येत नाही त्याला घासाघीस कशी करता येणार? एकच भाव ठेवून त्याने ती अडचणच मिटवली. दहा वर्षांनी टॉम स्पेन्सर भागीदार झाला आणि त्या ठेल्याचे ‘मार्क्स अँड स्पेन्सर’ झाले.

पुण्यात अशी साखळी त्या काळात का वाढली नाही? एक कारण तुळशीबाग असावे. नारो आप्पाजी खिरे तुळशीबागवाले हे नानासाहेब पेशव्यांच्या काळातले पुण्याचे सुभेदार. त्यांनी १७६१ च्या सुमारास इथे राममंदिराचे काम सुरू केले. मंदिराच्या आवारात आणि भोवती हळूहळू दुकाने आली. पूजेची उपकरणी, पितळी देव, बांगड्या, लाकडी पोळपाट-लाटणी, भातुकलीची खेळणी, फण्या, आरसे. लग्नाचा रुखवत असो की मंगळागौरीची तयारी, एका फेरीत सगळे मिळे, आजही मिळते. शेजारची मंडई १८८६ मध्ये रे मार्केट म्हणून बांधून झाली आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. जवळच रविवार पेठेत बोहरी आळीचा ठोक बाजार, कसब्यात तांबट आळी. घरात लागणारी झाडून सगळी चीजवस्तू अर्ध्या तासाच्या पायपिटीत मिळत असेल, तर एका मालकाच्या मोठ्या दुकानाची गरज कोणाला भासणार? तुळशीबाग हे व्हरायटी स्टोअरच होते, फक्त त्याला मालक शेकडो होते.

आणि भाव ठरलेला नव्हता. तुळशीबागेत भाव करणे ही पुण्यातल्या पिढ्यान्पिढ्यांच्या बायकांनी कमावलेली विद्या आहे आणि तिचे कौतुक योग्यच आहे. पण या विद्येची दुसरी बाजूही पाहायला हवी. जिला भाव करता येतो ती स्वस्तात घेते. खेड्यातून पहिल्यांदा आलेली, बुजरी, घाईतली बाई जास्त पैसे मोजते. रस्त्याकडेच्या पथारीवाल्यांनी मात्र ‘कोणतीही वस्तू घ्या दहा रुपये’ ही आरोळी कधीच आपलीशी केली आहे. वुलवर्थचे टेबल आणि मार्क्सची पेनी यांचेच हे लक्ष्मी रोडवरचे भावंड. त्या पथारीपुढे सगळी गिऱ्हाइके सारखी असतात.

इंग्रजांनी आणलेल्या साखळ्या सामान्यांसाठी नव्हत्या. व्हाइटअवे लेडलॉ ही कंपनी १८८२ मध्ये कलकत्त्यात निघाली आणि पूर्वेकडच्या वसाहतींत तिच्या शाखा पसरल्या. उधारी नाही, सगळा व्यवहार रोखीने, हा तिचा दंडक. मुंबईत हॉर्नबी रोडवर तिची दिमाखदार इमारत होती. गोरे अधिकारी आणि त्यांच्या बायका हे मुख्य गिऱ्हाईक. या इमारतीचे पुढे जे झाले ते सार्वजनिक काकांना पाहायला मिळायला हवे होते. १९४६ मध्ये तिथे खादी भांडार सुरू झाले.

मधल्या काळात स्वदेशीची लाट येऊन गेली होती. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. होळी तास-दोन तासांत विझते, त्यानंतर नेसायचे काय आणि लिहायचे कशाने हा प्रश्न उरतो, हे टिळक ओळखून होते. म्हणून त्यांच्या पुढाकाराने आणि मुंबईच्या उद्योगपतींच्या साथीने १९०६ च्या सुमारास बॉम्बे स्वदेशी को-ऑपरेटिव्ह स्टोअर्स उभे राहिले. जनतेकडून पैसा-पैसा गोळा करणाऱ्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. माल बनवायचा आणि तो विकायची जागाही आपणच करायची, हे काकांचेच सूत्र पुढे चालू होते. मुंबईचे ते दुकान ‘द बॉम्बे स्टोअर’ या नावाने शतकाहून अधिक काळ टिकले. ज्या दुकानात देशप्रेमापोटी जाड साबण आणि फिकी शाई घेतली गेली असेल, ते कालांतराने भेटवस्तूंसाठी ओळखले जाऊ लागले.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. माल देशीच होता, पण मिळत नव्हता. टंचाई, काळा बाजार, भेसळ आणि वजनातली खोट यांनी पगारदार माणूस हैराण होता. मुंबईत गिरणगावातल्या नायगावला ९ मे १९४८ रोजी कामगार चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी एक सहकारी दुकान सुरू केले. मुंबई कामगार मध्यवर्ती ग्राहक सहकारी संस्था हे त्याचे लांबलचक नाव फारसे कोणाच्या तोंडी बसले नाही, ‘अपना बाजार’ हे बसले. गिरणी कामगारांच्या छोट्या भागभांडवलातून निघालेल्या या दुकानाने पुढे डिपार्टमेंट स्टोअर काढले आणि मुंबईभर शाखा उघडल्या. धान्य, साबण, भांडी, कापड, औषधे सगळे एका ठिकाणी, पावतीसकट, वजन चोख. चाळीतल्या कुटुंबाला अशा प्रशस्त दुकानात ताठ मानेने शिरता आले, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्र सरकारने ग्राहक सहकारी भांडारांची योजना आखली. १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर भाव आटोक्यात ठेवण्यासाठी दिल्लीत सुपर बाजार निघाला. महाराष्ट्रात साखरपट्ट्यातही हे वारे पोचले. तात्यासाहेब कोऱ्यांनी वारणानगरला उभारलेल्या वारणा बाजारने शहरातल्यासारखे मोठे दुकान उसाच्या शेतांमध्ये नेले आणि गावातल्या बाईला मापात आणि भावात फसवणे अवघड केले.

पुण्याने याच सुमारास आणखी वेगळा मार्ग काढला. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी इथे ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. १९५४ च्या दादरा-नगर हवेली मुक्तिसंग्रामात उतरलेला हा माणूस. त्याच लढ्यातले त्यांचे सोबती, गायक-संगीतकार सुधीर फडके, या कामातही बरोबर होते. जोशींचे म्हणणे साधे होते. उत्पादक संघटित आहे, व्यापारी संघटित आहे, कामगारही आहे. ज्याच्या पैशावर हे सगळे चालते तो ग्राहक मात्र एकटा आहे.

१९७५ मध्ये निघालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने तर दुकानच वगळून टाकले. शेजारपाजारची दहा-बारा कुटुंबे मिळून एक संघ करायचा. महिन्याची यादी भरायची, पैसे आधी जमा करायचे. संस्था एकरकमी घाऊक खरेदी करते आणि ट्रकने माल एका सदस्याच्या घरी पोचवते. तिथे सगळ्यांनी मिळून वाटून घ्यायचा. भाडे नाही, रोषणाई नाही, जाहिरात नाही. या कामाचा कणा गृहिणी होत्या. घरखर्चाचा हिशेब बघणाऱ्या हातांनीच हजारो कुटुंबांची खरेदी पेलली. साखळी दुकानांच्या जागतिक इतिहासात हा प्रयोग मानाच्या जागी नोंदला जावा, इतका तो कल्पक आहे.

पुण्यात टिळक रस्त्यावरची ग्राहक पेठ याच चळवळीतून आली. सूर्यकांत पाठक यांच्या नेतृत्वाखाली ती चालली आणि तिचा तांदूळ महोत्सव पुण्यातल्या अनेक घरांच्या वार्षिक खरेदीचा भाग झाला. आंबेमोहोर, इंद्रायणी, कोलम ही नावे पिशवीवर वाचण्याऐवजी दाणे तळहातावर घेऊन, वास घेऊन निवडणारा ग्राहक या पेठेने जपला.

चळवळीचा ठसा कायद्यावरही उमटला. वेष्टनावर वजन, किंमत आणि उत्पादकाचे नाव छापणे १९७७ च्या नियमांनी बंधनकारक झाले. तरी ‘स्थानिक कर वेगळे’ या तीन शब्दांच्या आडून दुकानदार वाटेल ती रक्कम लावत. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याचा नियम १९९० च्या आसपास झाला आणि ती पळवाट बुजली. २४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा आला. बिस्किटाच्या पुड्यावरचा छापील भाव आज कोणाच्या लक्षातही येत नाही, पण देशातले प्रत्येक लहानमोठे दुकान त्यामुळे काही अंशी वुलवर्थच्या दुकानासारखे झाले आहे. भाव विचारावा लागत नाही.

यानंतर आलेल्या खासगी साखळ्यांची कथा इथेच या सहकारी कथेला येऊन मिळते. अमेरिकेत सॅम वॉल्टनने १९४५ मध्ये आर्कान्सातल्या न्यूपोर्ट गावी बेन फ्रँकलिन या व्हरायटी साखळीची एक शाखा चालवायला घेतली होती. तिथे तो धंदा शिकला, त्यातल्या मर्यादा त्याला कळल्या आणि १९६२ मध्ये त्याने वॉलमार्ट काढले. मुंबईत शेअर बाजारात नाव कमावलेल्या राधाकिशन दमाणींनी १९९९ मध्ये असेच केले. नवी मुंबईतल्या नेरूळला त्यांनी चालवायला घेतलेली शाखा होती अपना बाजारची. गिरणी कामगारांनी उभी केलेली ती पद्धत त्यांनी आतून पाहिली, ती त्यांना पटली नाही आणि २००२ मध्ये पवईत पहिले डी-मार्ट उघडले.

दमाणींनी केले ते चमकदार नव्हते, पण चिकाटीचे होते. शक्यतो जागा भाड्याने घ्यायची नाही, विकत घ्यायची, म्हणजे भाडेवाढीची टांगती तलवार नको. पुरवठादाराचे पैसे इतरांपेक्षा लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. झगमगीत मॉलमध्ये शिरायचे नाही. रोज खपणारा माल ठेवायचा आणि तो रोजच स्वस्त द्यायचा. २०१७ च्या मार्चमध्ये कंपनीचा शेअर २९९ रुपयांना विकला गेला आणि बाजारात नोंदणी झाली त्या दिवशीच दुपटीच्या वर गेला. मार्च २०२५ अखेर डी-मार्टची ४१५ दुकाने झाली होती. बाणेरच्या डी-मार्टमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी गाडी लावायला जागा शोधणाऱ्याला या आकड्याचे नवल वाटणार नाही.

किशोर बियाणींनी दुसरा रस्ता धरला होता. २००१ पासून त्यांच्या बिग बझारने देशी बाजाराचा गजबजाटच छपराखाली आणला. धान्याचे उघडे ढीग, अरुंद वाटा, मुद्दाम होऊ दिलेली गर्दी. माणसांना मालात हात घालून पाहायला आवडते, हे त्यांनी अचूक हेरले होते. २६ जानेवारी २००६ च्या ‘सबसे सस्ता दिन’ला दुकानांपुढे इतकी झुंबड उडाली की काही ठिकाणी दारे बंद करावी लागली. पण विस्तार कर्जावर झाला होता. कोरोनाची टाळेबंदी आली, विक्री थांबली, भाडी थकली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत शेकडो दुकानांचा ताबा रिलायन्सने घेतला. वुलवर्थचेही असेच टप्प्याटप्प्याने झाले होते. अमेरिकेतली त्या नावाची दुकाने १९९७ मध्ये आणि ब्रिटनमधली शेवटची दुकाने जानेवारी २००९ मध्ये बंद झाली.

सहकारी भांडारे मागे का पडली, याचे उत्तर भावनेने देऊन चालणार नाही. खासगी साखळीत खपत नसलेला माल ठेवणारा व्यवस्थापक टिकत नाही. सहकारी दुकानात खरेदीचा निर्णय अनेकदा संचालक मंडळाच्या बैठकीची वाट पाहतो आणि मंडळाचे लक्ष पुढच्या निवडणुकीवर असते. भांडवल वाढवायचे तर सभासदांकडे जावे लागते आणि सभासद तर कधीच डी-मार्टच्या रांगेत उभा राहिलेला असतो. ही दुखणी आहेत, पण असाध्य नाहीत. ग्राहक पंचायतीचा महिन्याचा ट्रक इतकी दशके चालला तो आधी मागणी, मग खरेदी या शिस्तीमुळे. कोणतीही साखळी, सहकारी असो वा खासगी, या शिस्तीवरच तगते.

फरक एकच आणि तो मोठा आहे. डी-मार्टने उद्या भाव वाढवायचे ठरवले तर ग्राहकाला दुसरे दुकान शोधण्यापलीकडे काही करता येत नाही. सहकारी भांडारात त्याला बोट वर करून प्रश्न विचारता येतो, कारण तो मालक आहे. पुण्या-मुंबईतल्या अनेक घरांत आजी-आजोबांच्या नावचा एखाद्या ग्राहक भांडाराचा भागदाखला जुन्या कागदांत पडून असेल. तो शोधून काढावा, वारसनोंद करून घ्यावी आणि यंदाच्या वार्षिक सभेला जाऊन ताळेबंद मागावा.